काळ्या मातीतली हिवाळी परसबाग: लातूर, ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५

घरामागे १८ फूट रुंद आणि २५ फूट लांब मोकळी जागा आहे. अर्धा गुंठाही भरत नाही. माती काळी आणि भारी. उन्हाळ्यात भेगांत हात जातो, पावसाळ्यात चप्पल रुतून बसते. पाणी बोअरचं आणि जड, बादलीला पांढरा थर धरतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आम्ही लातुरातच होतो. म्हणून इथली प्रत्येक बादली मोजून वापरली आहे, आणि कुठं पाणी वाया गेलं तेही लिहिलं आहे.

मी शाळेत शिकवते. बागेचं काम रविवारी, बाकीच्या दिवशी सकाळचा अर्धा तास. मदतीला सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. गेल्या हिवाळ्यात माझी निम्मी बाग उगवलीच नाही, आणि का उगवली नाही हे आठवायला कुठं काही लिहिलेलं नव्हतं. काळ्या रानात घराजवळ भाजी करू पाहणाऱ्यांना या नोंदी उपयोगी पडाव्यात, म्हणून या वेळी तारखेसह सगळं लिहिलं.

२९ सप्टेंबर, रविवार

भेंडी आणि दोडका काढून टाकला. वांग्याची चार झाडं आणि कुंपणावरचा वालाचा वेल ठेवला. वाल थंडीतच खरा लागतो. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटलं. हराळीच्या काड्या वेचायला दोन तास गेले. जमिनीत राहिलेला एकेक पेर पुन्हा फुटतो, त्यामुळे इथं घाई करून चालत नाही.

शेणखत मागवलं, छोटा टेम्पो, भाड्यासह ९०० रुपये. ढिगात हात घातला तर आतून गरम लागलं, वासही कच्चा. आणणारा म्हणाला, "ताई, कुजलेलंच आहे, वरून वाळलंय." माझ्या हाताला कळलं होतं, तरी मी पसरून घेतलं, कारण पुढचा रविवार वाया घालवायचा नव्हता. याची किंमत पुढे नोव्हेंबरात चुकवली.

६ ऑक्टोबर, रविवार

रोपं टाकली. कोपऱ्यात तीन फुटांचा वाफा करून त्यात पानकोबी, टोमॅटो आणि कांदा. कांद्याचं बी गेल्या वर्षीचं, अर्धं पाकीट स्वयंपाकघरातल्या फडताळात राहिलं होतं. पानकोबीचं बी दाट पडलं. बी बारीक असतं, चिमटीतून एकदम सुटतं.

दिवसा ऊन अजून चटके देणारं. व्हरांड्यातला थर्मामीटर दुपारी ३३ दाखवत होता. रोपं वाळतील म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा झारी फिरवली.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला आणि रात्री पाऊस. सकाळी उघाड मिळाली, सुट्टी होती, म्हणून कुदळ घेऊन मागं गेले. तीन तास खणलं. माती कुदळीला चिकटायची, काठीने खरवडून पुढं जायचं. आत्याबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय करलालीस गं ह्या चिखलात? वाफसा तर येऊ दे."

वाफसा म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही, काम करण्याजोगी ओल. मी थांबले नाही. संध्याकाळपर्यंत दोन वाफे उलथले आणि समाधानाने आत आले.

१६ ऑक्टोबर, बुधवार

त्या दोन वाफ्यांत आता विटा पडल्यात. ओली काळी माती उलथली की तिचे चकचकीत ढेकूळ पडतात, आणि दोन दिवस ऊन लागलं की ते खुरप्याने फुटत नाहीत. मोगरीने फोडले तर धूळ आणि खडे वेगळे होतात, भुसभुशीत काही होत नाही. शेजारचे दोन वाफे मी खणले नव्हते. त्यांत आज खुरपं अलगद जातं आणि माती हरभऱ्याएवढी सुटते.

वाफसा बघायची आत्याबाईंची रीत अशी: चार बोटं खोलीवरून मूठभर माती घ्यायची आणि गोळा वळायचा. गोळा झालाच नाही तर माती कोरडी. गोळा झाला तर तो कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचा. चपटा होऊन बसला तर अजून थांबायचं, फुटून पसरला तर लगेच कामाला लागायचं. वरची माती वाळलेली दिसते तेव्हा आत चिखल असतो, म्हणून वरून बघून ठरवायचं नाही.

पुढच्या दिवसांत हे खराब केलेले दोन वाफे भिजवले, चार दिवस तसेच ठेवले आणि वाफशावर पुन्हा फोडले. साठ-सत्तर बादल्या पाणी आणि एक आठवडा गेला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पानकोबीची रोपं कोलमडली. सकाळी उभी होती, शाळेतून आले तर झोपलेली. एक उपटून पाहिलं: पानं हिरवी, मुळं पांढरी, पण मातीला टेकतो तेवढ्याच जागी देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला. ही मर. दाट बी, दोन वेळचं पाणी, ढगाळ हवा आणि निचरा नसलेला सपाट वाफा, या सगळ्यांनी मिळून ती आणली. साधारण ऐंशीतली अकरा वाचली. टोमॅटो विरळ पडला होता, तो टिकला.

कांदा तर आलाच नाही. दहा दिवसांत आठ-दहा कोंब. उरलेल्या पाकिटातलं बी तपासायला वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. (२५ तारखेला उघडलं तेव्हा वीसपैकी तीनच फुटले होते.) कांद्याचं बी वर्षभरातच दमतं, त्यात ते चुलीजवळच्या गरम, दमट फडताळात राहिलं. फडक्याची परीक्षा आधी केली असती तर आठवड्यात कळलं असतं. आता कांद्याची रोपं विकत घ्यावी लागणार.

पानकोबी पुन्हा टाकली, या वेळी ट्रेमध्ये, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखतात. एका खाचेत एकच बी. कोकोपीटात आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे मर आणणाऱ्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, मिसळून घेतलं. पाणी फक्त सकाळी. दोन ट्रे, कोकोपीटची वीट, गांडूळखत आणि ट्रायकोडर्माची पुडी मिळून ४१० रुपये.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिली पेरणी, चांगल्या दोन वाफ्यांत: मेथी, धने, पालक, गाजर.

धने पाटावर घेऊन चपलेच्या टाचेने हलके रगडले. दाण्याच्या दोन फाकी व्हाव्यात, चुरा होऊ नये. मग रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरले. अख्खा धना तसाच टाकला की उगवायला फार वेळ लागतो आणि निम्मी जागा रिकामी राहते. पालकाचं बीही रात्रभर भिजवलं. त्याचा खरखरीत दाणा म्हणजे दोन-तीन बियांचा जुडगा असतो, एका ठिकाणी दोन-तीन रोपं येतात, म्हणून तो मेथीसारखा दाट फेकायचा नसतो.

गाजराचं बी वाळूत मिसळून ओळीत टाकलं, बोटाच्या पेराएवढंही खोल नाही. वरून झारी.

२७ ऑक्टोबर, रविवार

मेथी चौथ्या दिवशी वर आली, एकसारखी. कोथिंबिरीचे कोंब आज दिसायला लागलेत. पालक तुरळक, दर हातभर ओळीला पाच-सहा. माती दुपारी अजून तापते, ती पालकाला सोसत नाही असं दिसतं.

गाजराचं काहीच दिसेना म्हणून गुडघ्यांवर बसून नखाने माती उचलली. झारीच्या पाण्याने वरची माती बसली होती आणि उन्हाने तिची पपडी झाली होती, पापडासारखी अखंड. एक तुकडा उचलला तर त्याखाली दोऱ्याएवढी पांढरी मान, वाकून दुहेरी झालेली, वर यायला वाट शोधत होती. शेजारी अशाच आणखी चार. एक फुटात मी सतरा मोजली. सगळी उगवली होती, बाहेर येऊ शकली नव्हती. पपडी हाताने फोडायला गेले तर माना तुटल्या. हलकं पाणी मारून गोणपाट घातलं, तरी अख्ख्या ओळीत नऊ रोपं वाचली.

ते सतरा कोंब बघून मला फार वाईट वाटलं. बी कमअस्सल असतं तर दुकान बदलता आलं असतं. इथं बी खणखणीत होतं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

माहेरी, निलंगा तालुक्यात. ओवाळणी झाली आणि दादाबरोबर रानात गेले. सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा पेरायचं चाललं होतं. मी गाजराचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, भारी रानात गाजर करायचं तर त्याला रान उचलून दे. सपाटीला नको." त्याच्या विहिरीजवळ वीतभर उंच गादीवाफा होता, वाळू आणि जुनं खत मिसळलेला. तिथं गाजराची पानं हातभर झाली होती.

येताना त्याने लसणाचे गड्डे दिले, घरचंच बियाणं, पावणेदोन किलो. शिवाय पोतंभर सोयाबीनचं भुसकट, पायलीभर हरभऱ्यातला मूठभर आणि करडईची एक पुडी. करडई आमच्याकडे तेलासाठी असते तशीच कोवळ्या भाजीसाठीही. तिला दादाच्या मते उशीर झालाय, पण भाजीपुरती चालेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी आहे तोवर लसूण लावून घेतला. दुरुस्त केलेल्या दोन वाफ्यांपैकी एकात.

गड्डा फोडताना आत्याबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला. मी पाकळ्यांची साल काढत होते. साल राहू द्यायची. सोललेली पाकळी जमिनीत कुजते. गड्ड्याच्या तळाशी जी चपटी चकती असते, तिथूनच मुळं फुटतात, म्हणून पाकळी मोडताना तळ शाबूत राहिला पाहिजे. बाहेरच्या जाड पाकळ्या लावायला आणि आतल्या बारीक फोडणीला. बारीक पाकळीचा गड्डाही बारीकच येतो.

लावताना टोक वर, तळ खाली. दोन पाकळ्यांत चार बोटं, दोन ओळींत त्याहून थोडं जास्त. पाकळी मातीत जेमतेम झाकेल एवढीच. मी पहिली ओळ बोटाने खोल दाबत गेले होते, ती आत्याबाईंनी पुन्हा उकरायला लावली. ३१० पाकळ्या लागल्या. वरून भुसकटाचा पातळ थर आणि मग पाणी, म्हणजे पपडी धरत नाही.

त्याच दिवशी कडेच्या पट्ट्यात हरभरा टोकला आणि करडई ओळीत टाकली.

१० नोव्हेंबर, रविवार

रात्री आता पांघरूण लागतं. सकाळी सहाला १७.

आजचा दिवस गाजराचा. शेजारी घराचं काम चालू आहे, त्यांना विचारून सहा घमेली वाळू आणली. चार फूट बाय दहा फुटांचा गादीवाफा केला, वीतभर उंच. वाळू, जुन्या खड्ड्यातलं पूर्ण मुरलेलं खत आणि चाळलेली माती. टेम्पोतलं शेणखत मुद्दाम टाळलं, कच्च्या खतात गाजराला दोन-दोन पाय फुटतात. चाळणीला एक रविवार सकाळ लागली आणि ती लागलीच पाहिजे. खडा आडवा आला की गाजर तिथून वळतं.

बी पेरताना गाजरात थोडं मुळ्याचं बी मिसळलं. ही युक्ती आत्याबाईंची. मुळा चौथ्या दिवशी वर येतो, जाड कोंबाने माती फोडतो, आणि ओळ कुठं आहे ते दाखवतो. गाजर मागून त्याच फटींतून निघतं. गाजराला जागा लागेपर्यंत मुळा उपटून खाऊन झालेला असतो. पाणी झारीने थेट नाही, वर ओलं गोणपाट अंथरून त्यावरून. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं आणि पहिला कोंब दिसला की काढून टाकायचं. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटात गुंततात.

वाटाणाही आज, अर्केल जातीचा. ऑक्टोबरात लावायचा मोह झाला होता, पण दुपारचं ऊन बघून थांबले. रात्रभर भिजवला नाही. गेल्या वर्षी भिजवून ओल्या मातीत टाकला होता तेव्हा निम्मा कुजला. सुरकुतलेला दाणा फार पाणी पितो. कोरडाच, वाफशावर, दोन बोटं खोल. वर काटेरी बोरीच्या फांद्या ठेवल्या, कारण होले ओळीने दाणे उकरतात.

पालक दुसऱ्यांदा टाकला. शेपू आणि चाकवतही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मुळा वर आला. गाजर बुधवारपर्यंत यावं. पालक या वेळी भरघोस, तेच पाकीट, तोच वाफा. मधल्या तीन आठवड्यांत फक्त हवा बदलली.

टोमॅटोची बारा रोपं ऑक्टोबरअखेरीस लावली होती. त्यांतली तीन दुपारी माना टाकतात, पाणी देऊनही. एक उपटलं तर मुळं कुरतडलेली, आणि मातीत पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, तपकिरी डोक्याची. हुमणी. कच्च्या शेणखतातून आली. तिन्ही जागा हातभर खणून अकरा अळ्या वेचल्या. मग सगळ्याच रोपांभोवती खणलं, आणखी सात निघाल्या. उरलेलं शेणखत गोळा करून खड्ड्यात टाकलं, पाणी मारून झाकलं. ते आता पुढच्या वर्षी. हाताला गरम लागलेलं खत रानात घालायचं नाही, एवढं मला २९ सप्टेंबरलाच कळत होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवारी आणि बुधवारी निवडणुकीची ड्युटी होती. काल रात्री उशिरा घरी आले. वाफ्यांचं काही बिघडलं नाही. काळी माती दोन दिवस सहज धरते, भुसकटाखाली तर ओलच होती. ट्रेमधली पानकोबी मात्र सुकली. कोकोपीट वाळलं की वरून पाणी टाकलं तरी आत घेत नाही, कडेने निघून जातं. आत्याबाईंनी झारी दिली होती, पण पाणी खालूनच गेलं. ट्रे परातीत पाण्यात अर्धा तास ठेवले, तेव्हा खालून ओल चढली. ९६ पैकी ६१ उठली.

यांनी, म्हणजे नवऱ्याने, ट्रे जिन्याखाली सावलीत हलवायचं सुचवलं होतं, मी ऊन हवं म्हणून नाही म्हणाले होते. दोन दिवस बाहेर जायचं असेल तर सावलीत आणि परातीत ठेवून जावं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पानकोबी लावली, ३२ रोपं, दीड-दीड फुटावर. उरलेली शेजारी वाटली. रोपं पाच आठवड्यांची झाली होती. चार आठवड्यांपलीकडे गेलं की रोप ट्रेतच थकतं आणि गड्डा लहान धरतो असा माझा गेल्या वर्षीचा अनुभव, तेव्हा आणखी वाट बघितली नाही. लावणी संध्याकाळी पाचनंतर. पानकोबीभोवती मोहरीची एक ओळ टाकली. मावा आणि पानं चाळणारी अळी आधी मोहरीवर जाते.

मेथी पहिल्यांदा उपटली, पाच जुड्या. गाजर दोन बोटं उंच, ओळ अखंड! विरळणी करताना प्रत्येक उपटलेलं रोप जीवावर आलं, तरी दोन बोटं अंतर ठेवलं.

१ डिसेंबर, रविवार

गंजगोलाईजवळच्या बाजारातून कांद्याची रोपं आणली, चार जुड्या, १२० रुपये. जुडी सोडल्यावर आतली रोपं पिवळी, वाफ घेतलेली निघाली. साधारण पाचवा भाग टाकला. विकत घेताना जुडी सोडून दाखवा म्हणायला हवं होतं. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, ताठ पातीची निवडली, पातीचा वरचा तिसरा भाग छाटला आणि मुळं बुडवून लगेच लावली. कांदा खोल गाडायचा नाही, मुळं झाकली की पुरे.

हरभऱ्याचे शेंडे खुडले. बोटं आंबट झाली. खुडल्यावर झाडाला फांद्या जास्त फुटतात, आणि घोळाण्यासाठी (कच्च्या पाल्याचं तोंडीलावणं) भाजी मिळते ती वेगळीच. वाळवलेली भाजी उन्हाळ्यात डाळीत घालायला ठेवली. करडईची कोवळी पानंही काढली. काटे धरायच्या आत, वीतभर असतानाच काढावी लागते. लसूण-मिरचीवर परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली. आत्याबाई दोन भाकरी जेवल्या, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण त्या आजकाल अर्धीवर उठतात.

१६ डिसेंबर, सोमवार

कडाका. सकाळी थर्मामीटर ९ वर. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळट झालीय आणि फुलं गळतायत. जुन्या साड्या चार काठ्यांवर ताणून रात्री झाकते, सकाळी आठला काढते. थंडीच्या रात्रीआधी दुपारीच पाणी देते, ओली जमीन ऊब धरून ठेवते. संध्याकाळी पानांवर पाणी अजिबात नाही.

बाकी सगळ्यांना हीच हवा मानवली. पालकाची पानं तळहातापेक्षा मोठी. वाटाणा तारेवर चढला, दोन-चार पांढरी फुलं दिसतात. लसूण वीतभर. भुसकटातून सोयाबीनची रोपं उगवत होती तीही थंडीने गेली. महिनाभर मी ती उपटत होते.

२८ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस ढगाळ, काल शिंतोडे. करडई आणि मोहरी माव्याने काळी पडली. करडईला उशीर झाला होता, दादा म्हणाला तसंच झालं. ती उपटून बाहेर टाकली. मोहरीने आपलं काम केलं. पानकोबीवर फक्त सहा झाडांवर मावा, तोही बाहेरच्या पानांवर. ती पानं खुडली. अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, १० लिटर पाणी केलं, त्यात चमचाभर साबणाचा चुरा, आणि संध्याकाळी फवारलं. पानांच्या खालून फवारलं नाही तर उपयोग नाही. आठवड्याने पुन्हा.

वाटाण्याच्या खालच्या पानांवर पांढरी भुकटी दिसली, भुरी. ती पानं काढली आणि तारेवरचे वेल थोडे विरळ केले, वारा खेळावा म्हणून.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

वेळ अमावस्या. गावाकडे, दादाच्या रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी (पालेभाज्यांची मिसळ भाजी), आंबील, बाजरीचे उंडे. भज्जीत पडलेला पालक, मेथी, चाकवत आणि कांद्याची पात माझ्या बागेतली होती. सकाळी सहाला दवातच काढून ओल्या फडक्यात नेली. वहिनीने पालकाची जुडी हातात धरून विचारलं, "कुठल्या बाजारातून आणलीस?"

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

भोगीच्या भाजीला काय घरचं निघालं ते बघितलं. वांगी, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाण्याच्या पहिल्या दोन ओंजळी शेंगा. गाजर उपटलं तर करंगळीएवढं, ६४ दिवसांचं. अजून तीन-चार आठवडे लागतील, तरी मुद्दाम सहा काढली. सहाही सरळ, एकालाही दुसरा पाय नाही. ऑक्टोबरच्या सपाट वाफ्यात वाचलेल्या नऊपैकी सात आधीच काढली होती, ती सगळी गाठाळ आणि दुभंगलेली. बोरं आणि तीळ बाजारातून.

खर्चाचा हिशेब आजपर्यंत: शेणखत ९००, ट्रे आणि त्यासोबतचं ४१०, बियाणं ३६०, कांद्याची रोपं १२०, तार आणि सुतळी १८०. एकूण १९७० रुपये. त्यातले शेणखताचे ९०० टाळता आले असते. वाया गेलेला वेळ धरला तर ओल्यात खणलेल्या वाफ्यांचा आठवडा, मरीत गेलेले बारा दिवस आणि गाजराचे तीन आठवडे.

पुढच्या ऑक्टोबरसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: मेथी आणि कोथिंबीर दसऱ्यानंतर वाफसा आला की लगेच. लसूण दिवाळीच्या आत संपवायचा. या वर्षी आठ-दहा दिवस उशीरच झाला. पालक, गाजर आणि वाटाणा रात्री पांघरूण लागायला लागल्यावर. करडई सप्टेंबरअखेर, नाहीतर नाही. कांद्याचं बी दरवर्षी नवीन, तेही फडक्यात तपासून.

पानकोबीचे गड्डे नारळाएवढे झालेत, पहिला या रविवारी कापायचा. लसणाला अजून दोन महिने. आज त्याला खुरपणी केली आणि दोन ओळींत निंबोळी पेंड टाकली.